एकाच फीडरवर दोन बाजूंनी वीज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

छतांवरील सौर संच, उपकेंद्रांलगतचे सौर प्रकल्प आणि साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती यांमुळे सोलापूर जिल्ह्यातील फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून ग्राहकांकडे जाणाऱ्या वाहिन्यांवर, आता ग्राहकाच्या बाजूनेही वीज येऊ लागली आहे. बिघाड ओळखणारे रिले, त्यांच्या आदेशाने वीज तोडणारे ब्रेकर आणि फ्यूज यांच्या कामावर याचा काय परिणाम होतो, असे विचारणाऱ्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरे या अंकात दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल विणण्याचा कारखाना आहे. आम्ही आणि आजूबाजूच्या बऱ्याच कारखानदारांनी छतावर सौर संच बसवले आहेत. तेव्हापासून शेजारच्या फीडरवर बिघाड झाला, की कधी कधी आमचाही फीडर ट्रिप होतो, वास्तविक आमच्या बाजूच्या तारा आणि केबल सुस्थितीत असतात. आमचा वायरमन म्हणतो, की हे सोलरमुळेच होते. यात तथ्य आहे काय?

उत्तर : तथ्य असू शकते, मात्र वायरमनच्या मनात जे कारण असावे, ते बहुधा खरे कारण नसावे.

३३/११ केव्ही उपकेंद्रात एकाच बसबारवरून (सामाईक वाहक पट्टीवरून) अनेक फीडर निघतात आणि प्रत्येक फीडरच्या ब्रेकरला ओव्हरकरंट रिले जोडलेला असतो. हा साधा रिले प्रवाह किती आहे एवढेच मोजतो. तो कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे त्याला कळत नाही. ही यंत्रणा आखली गेली तेव्हा वीज उपकेंद्राकडून ग्राहकाकडेच जात असल्यामुळे दिशा तपासण्याची गरजही नव्हती. आता आपल्या निरोगी फीडरवर एखादे जनित्र चालू आहे आणि शेजारच्या फीडरवर शॉर्टसर्किट झाले, असे समजा. जनित्राचा प्रवाह आपल्या फीडरवरून उलटा बसबारकडे जाईल आणि तेथून शेजारच्या बिघाडात ओतला जाईल. तो रिलेवर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा (सेटिंगपेक्षा) जास्त असेल, तर आपला रिले त्याला आपल्याच फीडरचा बिघाड समजून ब्रेकर उघडेल. अभियंते याला सिम्पथेटिक ट्रिपिंग म्हणतात, आणि त्यावर दिशादर्शक रिले हा नेहमीचा उपाय आहे.

मात्र हे घडण्यासाठी उलटा प्रवाह पुरेसा मोठा असावा लागतो. फिरते सिंक्रोनस जनित्र शॉर्टसर्किटच्या पहिल्या क्षणी आपल्या निर्धारित (पूर्ण क्षमतेच्या) प्रवाहाच्या पाच ते आठ पट प्रवाह देऊ शकते. सौर इन्व्हर्टर आपल्या सेमीकंडक्टर स्विचांना वाचवण्यासाठी तो साधारण १.१ ते १.५ पटींवरच रोखून धरतो. आपल्या फीडरवरील सर्व छतांचे मिळून २.१ मेगावॅट धरले, तरी ११ केव्हीवर त्यांचा निर्धारित प्रवाह सुमारे ११० ॲम्पियर आणि बिघाडातील वाटा १२० ते १६५ ॲम्पियर होईल. रिलेचे सेटिंग २५० ॲम्पियर असेल, तर तेवढ्याने तो जागचा हलणारही नाही.

मग फीडर का ट्रिप होतो? माझा संशय झाकलेल्या भारावर आहे. दुपारी आपल्या फीडरवरचा खरा भार ३०० ॲम्पियर आहे, त्यातील ११० ॲम्पियर छतांवरून भागतात आणि उपकेंद्रातील मीटर १९० ॲम्पियर दाखवतो, असे माना. मीटरकडे पाहून २५० चे सेटिंग सुरक्षित वाटते. शेजारी शॉर्टसर्किट होताच बसबारचा दाब (व्होल्टेज) क्षणभर कोसळतो आणि त्या झटक्याने बरेच इन्व्हर्टर जाळ्यापासून सुटतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनुसार दाब आणि वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्यांनी पुन्हा जोडून घ्यायचे नसते. साध्या स्विचवर चालणाऱ्या मागांच्या मोटारी मात्र जोडलेल्याच असतात, आणि मंदावलेला वेग परत मिळवताना त्या नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढतात. मोटारींचा हा जादा प्रवाह सोडून दिला, तरी ३०० ॲम्पियर म्हणजे सेटिंगच्या १.२ पट. प्रवाह जितका जास्त तितका वेळ कमी, अशा नेहमीच्या स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रावर, वेळ कमीजास्त करणारा टाइम मल्टिप्लायर ०.१ असल्यास, रिले यासाठी सुमारे ३.८ सेकंद घेतो. साठ सेकंद संपण्याच्या कितीतरी आधी फीडर गेलेला असतो.

या दोन कारणांतील कोणते खरे, हे तर्काने ठरवण्याची आवश्यकता नाही. उपकेंद्रात न्यूमरिकल (संगणकीय) रिले असेल, तर त्याच्या स्मृतीत ट्रिपची वेळ आणि त्या क्षणीचा प्रवाह नोंदलेला असतो. ती नोंद वीज कंपनीकडे लेखी मागावी. आपला फीडर शेजारच्या फीडरबरोबरच, सेकंदाच्या आत, मोठ्या प्रवाहावर तुटला असेल, तर फीडरवर कोणीतरी फिरते जनित्र समांतर चालवत आहे का, हे शोधावे. तो काही सेकंदांनी, भाराच्या आसपासच्या प्रवाहावर तुटला असेल, तर दिशादर्शक रिलेवर खर्च करून उपयोग होणार नाही. सेटिंग खऱ्या भारावर बेतावे लागेल. तिसरीही एक शक्यता आहे. फीडरवर भूमिगत केबलची लांबी बरीच असेल, तर शेजारच्या अर्थ फॉल्टच्या (तार जमिनीला टेकल्याच्या) वेळी केबलच्या धारितेतून (कपॅसिटन्समधून) जाणारा प्रवाह संवेदनशील अर्थ फॉल्ट रिलेला फसवतो. त्याचा सौर संचांशी कसलाही संबंध नसतो.

प्रश्न : मी सोलापुरात विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकते. फीडरवर निर्मिती जोडली, की फॉल्ट करंट (बिघाडातील प्रवाह) वाढतो, असे आम्हाला शिकवले आहे. दुसरीकडे, निर्मितीमुळे उपकेंद्रातील रिले आंधळा होतो, म्हणजे त्याला कमी प्रवाह दिसतो, असेही वाचले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात?

उत्तर : दोन्ही खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रवाहांविषयी आहेत. बिघाडाच्या जागी प्रवाह वाढतो आणि उपकेंद्रात तो घटतो. एक उदाहरण वहीत सोडवून पाहा.

उपकेंद्राच्या ११ केव्ही बसबारवर फॉल्ट लेव्हल, म्हणजे तेथील शॉर्टसर्किटची ताकद, १०० एमव्हीए आहे. म्हणजे स्रोताचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) १.२१ ओहम. पाच किलोमीटरवर एक जोडबिंदू आहे, तेथपर्यंतच्या तारेचा इम्पीडन्स २ ओहम. त्यापुढे दहा किलोमीटरवर तिन्ही फेजांचा शॉर्टसर्किट झाला, तेथपर्यंत आणखी ४ ओहम. सोपेपणासाठी सगळे रिॲक्टन्सच धरू. फेज दाब ६३५० व्होल्ट असल्यामुळे, निर्मिती नसताना प्रवाह ६३५० भागिले ७.२१, म्हणजे सुमारे ८८१ ॲम्पियर येतो. आता जोडबिंदूवर ५ एमव्हीएचे सिंक्रोनस जनित्र बसवा आणि त्याचा व त्याच्या रोहित्राचा मिळून इम्पीडन्स ०.२५ पर युनिट (जनित्राच्या क्षमतेच्या तुलनेतील माप), म्हणजे ६.०५ ओहम घ्या. दोन स्रोत समांतर झाल्यावर बिघाडातील एकूण प्रवाह सुमारे १०४१ ॲम्पियर होतो. त्यापैकी ३६१ जनित्राकडून आणि ६८० उपकेंद्राकडून येतात.

असे का होते, हे आकडे पाठ करण्यापेक्षा जोडबिंदूच्या दाबावरून चांगले कळते. शेवटचे ४ ओहम दोन्ही स्रोतांना सामाईक आहेत. जनित्र त्यांतून आपला प्रवाह पाठवते, तेव्हा जोडबिंदूचा दाब उचलला जातो. आणि तो उचलला गेला, की उपकेंद्र ते जोडबिंदू यांतील दाबाचा फरक कमी होऊन उपकेंद्राकडून येणारा प्रवाह घटतो. बिघाड जितका दूर आणि जनित्र जितके मोठे, तितका हा परिणाम तीव्र.

रिलेचे सेटिंग ४०० ॲम्पियर आणि टाइम मल्टिप्लायर ०.१ असेल, तर ८८१ ॲम्पियरला तो सुमारे ०.८८ सेकंदात काम करतो, ६८० ला सुमारे १.३ सेकंद घेतो. दोन रिलेंमध्ये आपण साधारण ०.३ ते ०.४ सेकंदांचे अंतर ठेवतो. येथे एकाच रिलेचा वेळ त्याहून जास्त सरकला. सेटिंग ७०० असते, तर ६८० ॲम्पियरला रिले उठलाच नसता. आंधळा होणे हा शब्दप्रयोग मात्र किंचित अतिरंजित आहे, असे माझे मत आहे. जनित्राचे स्वतःचे संरक्षण त्याला आधी तोडते, त्यानंतर उपकेंद्राचा प्रवाह पुन्हा ८८१ वर जातो आणि रिले मग काम करतो. बिघाड तुटतो, पण उशिरा तुटतो. आणि तेवढा वेळ तारेला व जोडांना तो प्रवाह सोसावा लागतो.

आता जनित्राच्या जागी त्याच क्षमतेचा सौर प्रकल्प ठेवून पाहा. त्याचा निर्धारित प्रवाह २६२ ॲम्पियर, १.२ पट धरला, तरी सुमारे ३१५ ॲम्पियर. आकडा जनित्राच्या ३६१ च्या जवळचा असल्याने परिणामही तसाच होईल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही. जनित्राच्या प्रवाहाचा दाबाशी होणारा कोन यंत्राची व तारेची रचना ठरवते, इन्व्हर्टरच्या प्रवाहाचा कोन त्याचे सॉफ्टवेअर ठरवते. इन्व्हर्टरने पूर्णपणे रिॲक्टिव्ह (दाबाशी काटकोनातील) प्रवाह दिला, तर उपकेंद्राचा वाटा सुमारे ७०६ ॲम्पियरपर्यंत उतरतो. त्याने सक्रिय (दाबाच्या दिशेतील) प्रवाह देणेच चालू ठेवले, तर तो घटत नाही, उलट ९०० च्या जवळ जातो. फॉल्टचे गणित करताना उत्पादकाकडून नियंत्रणाची माहिती मागवावी लागते, ती यासाठी. पाठ्यपुस्तकातील स्थिर दाबामागे रिॲक्टन्स हे प्रतिरूप इन्व्हर्टरला लावू नये. परीक्षेत प्रश्न आलाच, तर हे कारण अवश्य लिहावे.

प्रश्न : आमच्या घरावर तीन किलोवॅटचा संच आहे. भर उन्हात वीज गेली, की तोही बंद पडतो. पैसे भरून काय उपयोग झाला?

उत्तर : संचात दोष नाही. जाळ्यातील वीज गेल्यावर तो थांबला पाहिजे, अशीच अट आहे, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या हातातील तार आपल्या छतावरून जिवंत राहता कामा नये. खंडित काळातही वीज हवी असेल, तर बॅटरी आणि घर जाळ्यापासून वेगळे करणारा स्विच असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणखी एक सूचना करतो, कारण हा प्रकार आपल्याकडे लग्नसराईत सर्रास दिसतो. चेंजओव्हर स्विच न लावता छोटा जनरेटर घरातील सॉकेटला जोडू नये. त्याचे २३० व्होल्ट डीपीवरील रोहित्रातून उलटे गेले, तर वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट तयार होतात. मान्यताप्राप्त सौर इन्व्हर्टर आपोआप थांबतो, जनरेटर थांबत नाही.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात आमची शेती आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला नुकताच सौर प्रकल्प जोडला असून शेतीपंपांना आता दिवसा वीज मिळते. वादळात आमच्या बांधावर तार तुटून पडली. उपकेंद्रातून लाइन बंद केल्याचा निरोप आला, तरी जुनी जाणती माणसे म्हणाली, की आता सोलरची वीज असेल, हात लावू नका. त्यांचे बरोबर होते का?

उत्तर : हात लावू नका, हे पूर्णपणे बरोबर होते, कारणाचा मात्र थोडा खुलासा करतो.

उपकेंद्रातील ब्रेकर उघडल्यावर फीडरचा तुटलेला भाग आणि सौर प्रकल्प मिळून वेगळे, स्वतःपुरते चालणारे जाळे बनू शकते. त्याला आयलँडिंग, म्हणजे बेट होणे, म्हणतात. वर उल्लेखलेल्या विनियमांनुसार, असे अनाहूत बेट तयार झाल्यापासून दोन सेकंदांच्या आत प्रकल्पाने वीज देणे थांबवले पाहिजे. त्यासाठी इन्व्हर्टर स्वतःच वारंवारितेला सतत किंचित ढकलून पाहतो. जाळे शाबूत असेल, तर वारंवारिता ढळत नाही. जाळे सुटलेले असेल, तर ती घसरत जाते आणि इन्व्हर्टर बंद होतो. एखाद्या क्षणी फीडरवर चालू असलेल्या पंपांचा भार आणि प्रकल्पाची निर्मिती जवळपास सारखी असेल, तर हे ओळखणे लांबू शकते. असे जुळून येणे दुर्मिळ आहे, पण अशक्य नाही.

माझ्या मते याहून मोठा धोका वेगळाच आहे आणि त्याला सौर प्रकल्पाची गरजही नाही. आपल्याकडील ११ केव्हीच्या वितरण रोहित्रांची वरची बाजू डेल्टा जोडणीची (तीन वेटोळी त्रिकोणात, जमिनीला न जोडता) असते. तीनपैकी एक तार तुटली आणि तिचे पंपांकडील टोक जमिनीवर पडले, तर उरलेल्या दोन फेजांची वीज रोहित्राच्या वेटोळ्यांतून फिरून त्या टोकापर्यंत पोहोचते. प्रवाह थोडा असल्यामुळे उपकेंद्रातील अर्थ फॉल्ट रिलेला तो जाणवतही नाही, म्हणजे फीडर चालू राहतो आणि लोंबणारे टोक मेलेले दिसूनही जिवंत असते. उन्हाळ्यात कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीवर किंवा दगडी बांधावर पडलेली उपकेंद्राकडील तारसुद्धा अशीच फसवी असते, कारण जमिनीत जाणारा प्रवाह अगदीच तोकडा पडतो.

सौर प्रकल्पामुळे या जुन्या अडचणीत एक भर पडते. ब्रेकर उघडल्यावर उपकेंद्रातील रोहित्राचा जमिनीला जोडलेला न्यूट्रल जाळ्यापासून सुटतो. प्रकल्पाच्या रोहित्राची ११ केव्ही बाजूही डेल्टा असेल, तर त्या उरलेल्या बेटाला जमिनीचा आधारच राहत नाही. तार जमिनीवर पडलेली असूनही प्रवाह जवळपास वाहत नाही, आणि ज्या दोन तारा शाबूत आहेत, त्यांचा जमिनीसापेक्ष दाब १.७३ पटींपर्यंत चढतो. म्हणून अशा ठिकाणी प्रवाहावर विसंबून न राहता न्यूट्रलचे विस्थापन, म्हणजे जमिनीपासून ढळलेला दाब, मोजणारा रिले बसवावा लागतो.

लाइन बंद केल्याचा फोन आला, म्हणून तार सुरक्षित झाली, असे धरू नये. लाइनमनने एबी स्विच (खांबावरील लाइन तोडणारा स्विच) उघडून, डिस्चार्ज रॉडने तपासून आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून दाखवल्यावरच तिच्याजवळ जावे. तोपर्यंत माणसांना आणि जनावरांना दूर ठेवून १९१२ या क्रमांकावर कळवावे. दोन्ही बाजूंना जोडणे महत्त्वाचे आहे, कारण वीज आता कोणत्याही बाजूने येऊ शकते. आपल्या शेतात स्वतंत्र सौर कृषिपंप असेल आणि तो लाइनला जोडलेलाच नसेल, तर त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

प्रश्न : पंढरपूर परिसरातील एका साखर कारखान्याच्या विद्युत विभागात मी काम करतो. आमची सहवीजनिर्मिती ३३ केव्हीवर जोडलेली आहे. ऑफ सीझनमध्ये उपकेंद्रातील रिले व्यवस्थित काम करतात. गाळप सुरू झाले, की रिलेंचा समन्वय (कोणी आधी तोडायचे तो क्रम) बिघडल्याच्या तक्रारी येतात. शिवाय लाइन गेल्यावर आमचे जनित्र नक्की किती वेळात सुटले पाहिजे, यावरही आमच्यात एकमत नाही.

उत्तर : आपल्या पहिल्या तक्रारीचे मूळ हंगामातच आहे. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो आणि उन्हाळ्यापर्यंत टर्बाइन चालते. त्या काळात आपले सिंक्रोनस जनित्र ३३ केव्हीची फॉल्ट लेव्हल वाढवते आणि लाइनच्या दोन्ही टोकांकडून बिघाडाला प्रवाह मिळतो. उरलेल्या महिन्यांत तोच फीडर पुन्हा एकतर्फी होतो. एकाच सेटिंगने दोन्ही परिस्थिती सांभाळायच्या म्हटल्या, की एका हंगामात तडजोड होणारच. न्यूमरिकल रिलेंमध्ये एकाहून अधिक सेटिंग गट साठवण्याची सोय असते. गाळपाचा एक गट आणि बिगरगाळपाचा दुसरा गट अभ्यास करून ठरवावा, आणि जनित्राच्या ब्रेकरच्या स्थितीनुसार तो आपोआप बदलेल अशी जोडणी करावी. हाताने बदलण्यावर सोडले, तर पहिली मोळी पडण्याच्या गडबडीत ते राहून जाते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. साखर कारखान्यांची एवढी दाटी असलेल्या जिल्ह्यात ही साधी सोय अजून सर्वत्र वापरली जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

सुटण्याच्या वेळेकडे येतो. इन्व्हर्टर आपणहून बेट मोडायला बसलेला असतो. आपल्या जनित्राचा वेग राखणारा गव्हर्नर आणि दाब राखणारा व्होल्टेज रेग्युलेटर मात्र ते बेट टिकवण्यासाठीच बनवलेले असतात. त्यामुळे लाइन गेली, हे जनित्राला ओळखता येईलच असे नाही. १२.५ एमव्हीएचे जनित्र, इनर्शिया स्थिरांक (फिरत्या वस्तुमानात साठलेल्या ऊर्जेचे माप) ३ सेकंद आणि ते १० मेगावॅट देत आहे, असे धरा. उपकेंद्राकडील टोक उघडल्यावर बेटात ६ मेगावॅटच भार उरला, तर ४ मेगावॅट जास्त होतात आणि वारंवारिता सेकंदाला सुमारे २.७ हर्ट्झ या वेगाने चढते, ५०.५ हर्ट्झ ओलांडायला पाव सेकंदही लागत नाही. पण तफावत ०.२ मेगावॅटचीच असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे ०.१३ हर्ट्झ एवढाच राहतो. वारंवारितेच्या बदलाचा वेग मोजणारा रिले ०.५ हर्ट्झ प्रतिसेकंदावर ठेवला असेल, तर त्याला काहीच झाल्याचे कळणार नाही. सेटिंग ०.१ वर आणले, तर दूरच्या जाळ्यातील साध्या हेलकाव्यांनीही जनित्र सुटत राहील आणि वाफ हवेत सोडावी लागेल. या दोहोंच्या मध्ये सर्व प्रसंगांना पुरेल असे सेटिंग अस्तित्वात नाही, हे एकदा मान्य केले, की आपल्यातील वाद मिटेल.

म्हणून या क्षमतेच्या जनित्रासाठी मी इंटरट्रिपचाच आग्रह धरेन. उपकेंद्राचा ब्रेकर उघडताच ऑप्टिकल फायबरवरून आपल्या ब्रेकरला थेट आदेश यावा. वारंवारितेचे आणि दाबाचे रिले त्याच्या मागे राखीव म्हणून असावेत. विनियमांतील दोन सेकंद ही बाहेरची मर्यादा आहे. उपकेंद्राकडून ऑटो-रिक्लोजिंग (उघडलेला ब्रेकर आपोआप पुन्हा बंद करणे) होत असेल आणि त्याचा डेड टाइम, म्हणजे मधला खंड, अर्ध्या सेकंदाचा असेल, तर आपले जनित्र त्या अर्ध्या सेकंदाच्या आतच सुटलेले हवे. नाहीतर घसरलेल्या कोनावर ब्रेकर बंद होतो. कोन १८० अंशांच्या जवळ असेल, तर संपर्कांच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक दुप्पट होतो आणि त्याचा धक्का टर्बाइनच्या शाफ्टला, कपलिंगला आणि वेटोळ्यांच्या टोकांना बसतो. उपकेंद्रात हाताने ट्रायल घेण्याची (लाइन पुन्हा चालू करून पाहण्याची) पद्धत असली, तरी धोका तोच राहतो, कारण पलीकडे वीज आहे की नाही, हे ऑपरेटरला दिसत नाही. लाइनच्या बाजूला दाब मोजणारा पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर बसवून, लाइन मेलेली असल्याशिवाय ब्रेकर बंदच होणार नाही, असे इंटरलॉक करून घ्यावे. खर्च आहे, शाफ्टपेक्षा कमी आहे.

आपल्या पत्रात रोहित्राच्या जोडणीचा उल्लेख नाही, तो तपासावा. ३३ केव्हीची बाजू जमिनीला जोडलेली स्टार (तिन्ही वेटोळी एका बिंदूत मिळणारी) आणि जनित्राची बाजू डेल्टा असेल, तर आपले रोहित्र अर्थ फॉल्टच्या प्रवाहाला एक वेगळी वाट देते आणि उपकेंद्रातील अर्थ फॉल्ट रिलेचा वाटा घटतो. वरची बाजू डेल्टा असेल, तर ही अडचण येत नाही, पण बेट झाल्यावर दाब चढण्याचा धोका मागील उत्तरात सांगितल्याप्रमाणे येतो. दोन्ही जोडण्या वापरात आहेत. कोणती आहे, त्यावर पुढचे सेटिंग ठरते.

प्रश्न : जाळ्यात जराही गडबड झाली, की सर्व सौर संच तत्काळ तोडावेत, म्हणजे संरक्षणाचा प्रश्नच उरणार नाही, असे मला वाटते. तसा सरसकट नियम का करत नाहीत? (एक निवृत्त शिक्षक, विजापूर रस्ता)

उत्तर : संच थोडे होते, तोवर जवळजवळ तसाच नियम होता. त्याचे दुष्परिणाम संचांची संख्या वाढल्यावर दिसले. जर्मनीत छतांवरील इन्व्हर्टर वारंवारिता ५०.२ हर्ट्झ झाली, की तुटावेत, असे ठरवलेले होते. पुढे त्यांची एकत्रित क्षमता इतकी वाढली, की तो आकडा गाठला जाताच हजारो मेगावॅट एका क्षणात नाहीसे झाले असते. शेवटी २०१२ पासून लाखो संचांची सेटिंग्ज बदलण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ रोजी एका वाहिनीवर आकाशातील वीज कोसळल्यानंतर दोन मोठी केंद्रे बंद पडली आणि त्याच गडबडीत जाळ्यात विखुरलेली अनेक लहान जनित्रेही आपापल्या आयलँडिंगविरोधी रिलेंनी सुटली. त्यांच्या जागी बेट झालेले नव्हते. रिलेंना तसे वाटले. वारंवारिता ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. त्यानंतर तेथे दाबाच्या लहरीच्या कोनातील उडी मोजणारे रिले काढून टाकण्याचा आणि वारंवारितेच्या वेगाचे सेटिंग सेकंदाला १ हर्ट्झपर्यंत सैल करण्याचा कार्यक्रम वेगाने राबवला गेला. कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ च्या वणव्यात वाहिन्यांवर बिघाड झाले, तेव्हा सुमारे १२०० मेगावॅट सौर निर्मिती अशीच गळाली होती.

आपल्यालाही हे दूरचे नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका वारंवारितेत बांधले गेले. तेव्हापासून देशात कोठेही मोठे केंद्र बंद पडले, तर वारंवारितेचा तो धक्का सोलापुरातील छतावरील इन्व्हर्टरलाही जाणवतो. अशा वेळी त्याने आणि त्याच्यासारख्या सर्वांनी पाठ फिरवली, तर तुटवडा आणखी वाढतो. म्हणून अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १५४७ या मानकाने २०१८ च्या आवृत्तीत, दाब आणि वारंवारिता ठरावीक मर्यादेत ढळली, तर काही काळ तग धरून राहिलेच पाहिजे, अशी अट घातली. २००३ च्या पहिल्या आवृत्तीचा रोख तोडण्यावर होता.

यातून वितरण जाळ्याच्या अभियंत्यापुढे एक पेच उभा राहतो. फीडरवर बिघाड असेल, तर संच लगेच सुटावा, असे त्याला हवे असते. बिघाड दूर कोठेतरी असेल, तर तो सुटू नये, असे राष्ट्रीय जाळ्याला हवे असते. आणि संचाच्या टोकाला दोन्ही वेळी दिसते ते दाबाचे खचणे आणि वारंवारितेचे ढळणेच. मोठ्या प्रकल्पांसाठी इंटरट्रिप हा त्यातला खात्रीचा मार्ग आहे, कारण सुटण्याचा निर्णय अंदाजावर न राहता ब्रेकरच्या प्रत्यक्ष स्थितीवर अवलंबून राहतो. घरोघरच्या तीन-पाच किलोवॅटच्या संचांना तो परवडणार नाही. तेथे इन्व्हर्टरमधील सेटिंगवरच भिस्त ठेवावी लागते. ती सेटिंग्ज संच बसवणारा माणूस मोबाइलवरून काही मिनिटांत बदलू शकतो, आणि दुपारी दाब वाढून संच वारंवार बंद पडतो अशी ग्राहकाची तक्रार आली, की मर्यादा वाढवून देणारेही आढळतात. आपल्या संचात देश म्हणून भारताचाच पर्याय निवडलेला आहे ना आणि जोडणीच्या वेळी नोंदवलेल्या मर्यादा अजून तशाच आहेत ना, हे आपण स्वतः वर्षातून एकदा पडद्यावर पाहू शकता. त्या बदललेल्या आढळल्या, तर बसवणाऱ्याकडून लेखी कारण मागावे.